दुसऱ्या तुकडीची कप्तान

बटणवाल्यांच्या दुकानात चारशे बारा खण आहेत. छोटे, लाकडी, भिंतभर. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण तारेनं अडकवलेलं, म्हणजे खण न उघडताच आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळावं. ही युक्ती त्यांच्या वडिलांची. बाकी सगळं बटणवाल्यांचं स्वतःचं: धांदरटपणा, बडबड, आणि बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण चाचपून बघायची ती वाईट खोड. अहो, एकदा बँकेच्या मॅनेजरच्या कोटाला त्यांनी सरळ हात घातला. म्हणाले, "हे मूळचं नाही." मॅनेजर बिचारा ओशाळला, कारण खरंच नव्हतं.

माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, अंगानं किरकोळ, चश्मा कायम कपाळावर आणि शोध कायम चश्म्याचा. सोमवार ते शनिवार दुकान. रविवारी मात्र या माणसाचं पाणी निराळं. दुकानामागच्या खोलीत कापड बेतायचं एक लांबरुंद टेबल आहे. दुपारी तीनला त्यावर हिरवं अस्तर अंथरलं जातं, आणि मग तिथे डोंगर, नद्या, किल्ले, राक्षस नि जादूगार अवतरतात. त्यांची बायको म्हणते, "यांना घरातला नळ दुरुस्त करता येत नाही, पण राज्यं तीन-तीन चालवतात."

खेळ तसा सोपा आहे. त्यात कुणी जिंकत नाही नि कुणी हरत नाही, म्हणून पाहुण्यारावळ्यांना तो कळत नाही, एवढंच. जमलेल्या प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. गोष्ट चालवणारा सांगतो, समोर काय आहे: दार आहे, दाराआड काहीतरी घुरघुरतंय. मग तो विचारतो, "तू काय करतोस?" ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली तर फासे टाकायचे. अकरा वर्षं एकच गोष्ट चाललीय, आणि ती चालवणारे अर्थात बटणवाले.

खेळणारे तिघं. एक दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना "दुखणार नाही हं" सांगून दमलेला हा मऊ माणूस रविवारी सात फुटी, कुऱ्हाडवाला डोंगऱ्या होतो आणि दिसेल त्याचे दात पाडतो. दुसऱ्या भूगोलाच्या बाई. शाळेत इतक्या कडक की मुलं वर्गात श्वास विचारून घेतात, आणि इथे त्या चोर. तिसरा समोरच्या गल्लीतला शिंपी. तो जादूगार, आणि त्याला एकच जादू मनापासून आवडते, ती म्हणजे वीज पाडणं. कुलूप उघडायचंय? वीज. राजाला खूश करायचंय? वीज.

पूर्वी खेळणारे चार होते. चौथी बटणवाल्यांची ताई.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. खरं तर या सगळ्या वेडाचं मूळ तीच. लहानपणी दुपारी वडिलांचा डोळा लागला की ती दोन-तीन खण हळूच उपसायची आणि दुकानाच्या फरशीवर बटणं मांडायची. पितळी बटण राजा, शिंपल्याचं राणी, काळं मोठं राक्षस. धाकट्याला समोर बसवून म्हणायची, "राजा जंगलात आलाय. समोर राक्षस झोपलाय. तू काय करतोस?" चार वर्षांचा धाकटा विचार करून करून घामाघूम व्हायचा. पुढे ताई मोठी झाली, नर्स झाली, इस्पितळाच्या अपघात विभागात चौतीस वर्षं काढून तिथली मुख्य झाली. बटणवाल्यांना खूप वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात असल्या खेळाच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, तेव्हा ते धावत सुटले ते थेट ताईकडे. "अगं, आपला खेळ! लोकांनी पुस्तक काढलंय त्याचं!"

ताई त्या गोष्टीत दुसऱ्या तुकडीची कप्तान झाली. शंभर सैनिकांची तुकडी आणि त्यांची करारी कप्तान. टेबलावर तिचं बटण लाल काचेचं, कडेला टवका उडालेलं. तीन वर्षं ती कप्तान होती. तुकडीतल्या शंभरातल्या निम्म्यांना तरी तिनं नावं दिली होती, आणि कुणाला घोड्याची भीती वाटते, कुणाची आई आजारी असते, हे सगळं तिला पाठ.

आणि मग आठ वर्षांपूर्वी ती लढाई झाली.

काय सांगायचं त्या लढाईचं! बटणवाल्यांनी दोन महिने आधीपासून तयारी केली होती. सहा हजार विरुद्ध नऊ हजार. दहा सैनिकांना एक बटण, म्हणजे दीड हजार बटणं. पायदळाला शर्टाची तपकिरी, घोडेस्वारांना पितळी, तिरंदाजांना शिंपल्याची. कुणी कुणावर चालून गेलं तर किती पडतील, याचे बावीस तक्ते. आणि प्रत्येक बटणासाठी वेगळा फासा. होय, प्रत्येक! खडखड, खडखड, "तीन गेले." खडखड, "पाच गेले." तीन वाजता सुरू झालं ते संध्याकाळचे सात वाजले तरी लढाई आपली दुसऱ्याच टेकडीवर. डॉक्टर बसल्या बसल्या घोरायला लागले. भूगोलाच्या बाईंनी पिशवीतून सहामाहीचे पेपर काढले आणि तपासायला घेतले. शिंप्यानं तेवढ्यात एक पँट खालून दुमडून शिवून टाकली. पण बटणवाल्यांचं लक्ष कुठे होतं? ते एकटेच लढत होते, दोन्ही बाजूंनी. अति तिथं माती म्हणतात ते काही उगाच नाही.

ताई तेवढी जागी होती. आपल्या तुकडीकडे बघत, कोपरं टेबलावर टेकून, चार तास बसून होती.

"दुसरी तुकडी, खिंडीच्या तोंडाशी," बटणवाल्यांनी पुकारलं आणि फासे टाकले. "शंभरातले चाळीस गारद." मग कप्तानासाठी वेगळा एक फासा. एक आला. त्यांनी लाल बटण उचललं, डबीत टाकलं आणि म्हणाले, "ताई, तुझी कप्तान गेली गं. तिसरी तुकडी..."

"थांब," ताई म्हणाली. "कशी गेली?"

"कशी म्हणजे? आकड्यात गेली."

ताई उठली, चपला पायात सरकवल्या. दाराशी जाऊन एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षांत माझ्या वॉर्डातून एक माणूस आकड्यात गेलं नाही."

झालं. त्यानंतर ताई टेबलाशी बसली नाही. भांडण-बिंडण मुळीच नाही हं! दर रविवारी ती जेवायला येणार, वहिनीशी तासभर गप्पा मारणार, भावाला त्याचा चश्मा शोधून देणार. पण पावणेतीन वाजले की पिशवी उचलायची. "बसतेस का?" असं बटणवाल्यांनी दोनदा विचारून बघितलं. "नको. चालू दे तुमचं," एवढंच उत्तर. तिसऱ्यांदा विचारायची त्यांची छाती झाली नाही. लाल बटणाची डबी गल्ल्याशेजारच्या खणात तशीच पडून राहिली.

दुधानं तोंड पोळलं, आता ताकही फुंकून पिणं आलं. पुढची आठ वर्षं बटणवाल्यांनी लढाईचं नावच काढलं नाही. गोष्टीत युद्ध आलं की ते नेमकं डोंगरापलीकडे व्हायचं. सकाळी कुणीतरी दूत धापा टाकत यायचा आणि सांगायचा, काल मोठी लढाई झाली, आपण जिंकलो. आता, असे किती दूत पळवणार? गेली चार वर्षं गोष्टीतला दगडी राक्षसांचा राजा सैन्य जमवत होता. तीस हजारांचं सैन्य किल्ल्याच्या नदीपर्यंत आलं. डॉक्टर एका रविवारी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बटणवाले, ही फौज जर डोंगरापलीकडे गेली ना, तर मी उद्यापासून बुद्धिबळ खेळेन." बाई म्हणाल्या, "तो डोंगर नकाशात कुठेच नाही, मी बघितलंय." शिंपी तर लढाईत वीज पाडायला आठ वर्षं आसुसला होता.

तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. पहिल्या लढाईनं ताईला उठवलं. दुसरीनं हे तिघं उठले, तर मग हिरवं अस्तर अंथरायचं कुणासाठी? आणि मनात अगदी तळाशी एक वेडी आशाही होती, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. बायकोला ती अर्थात ठाऊक होती.

दोन आठवडे त्यांनी बावीस तक्त्यांचे पंचवीस केले. नाकी नऊ आले, पण जमेना. आणि मग एका मंगळवारी सकाळी टपाल वाटणाऱ्या बाई दुकानात आल्या. हातावर एक जुना ओव्हरकोट, वडिलांचा. एक बटण तुटलेलं.

बटणवाल्यांना हुरूप आला. त्यांनी काळ्यांचे सात खण काढले. मग गडद तपकिरींचे पाच. शिंगाचं, लाकडाचं, दोन छिद्रांचं, चार छिद्रांचं. हे कुठून येतं, ते कसं घासतात, तोंडाचा पट्टा चालूच. बाईंची टपालाची पिशवी बाहेर सायकलवर. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, तुमची चारशे बटणं घेऊन मी काय करू? हे बघा, सहा काजं नि पाच बटणं. मला एवढ्याशीच काम आहे." आणि लोंबणारे धागे होते तिथे त्यांनी बोट ठेवलं.

बटणवाल्यांनी निमूटपणे एक खण उघडला आणि पहिल्याच झटक्यात बरोबर बटण काढून दिलं. बाई गेल्या. हे मात्र काउंटरवर पसरलेल्या बारा खणांकडे बघत उभे. मग मोठ्यानं म्हणाले, "गाढव आहेस तू!" दारातून आत येणारं गिऱ्हाईक दचकून परत गेलं.

अख्खी फौज त्यांनी टेबलावर ओतली होती, आणि चार तासांत ताईला "तू काय करतेस?" एवढं एकदासुद्धा विचारलं नव्हतं! तिनं शिकवलेला प्रश्न, तिलाच विचारला नाही. उंटावरून शेळ्या हाकत बसले. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी दुपारी नेहमीचा दुसरा चहासुद्धा घेतला नाही.

त्या संध्याकाळी पंचवीस तक्ते रद्दीत गेले. एका कागदावर बटणवाल्यांनी फक्त जागा लिहिल्या: दरवाजा, बुरूज, पूल. एकेका जागेवर एकेक माणूस, आणि त्याच्यापुढे एकच अडचण. तो जे करेल त्यावर शेजारच्याची अडचण ठरेल. बाकीची तीस हजारांची फौज त्यांनी तीन वाक्यांत बसवली. मग जरा थांबून चौथी जागा लिहिली: नदीवरची नाव. तिच्यापुढे कुणाचं नाव लिहिलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी काळ्या नि तपकिरी बटणांचे दोन खण एका ताटात ओतले आणि मस्तपैकी कालवून ठेवले.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"सांडली गं. ताईला म्हणतो, जरा निवडून दे. तेवढीच ती थांबेल."

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? सरळ विचारा की!"

सरळ विचारणं जमलं असतं तर आठ वर्षं गेली असती का? जेवणं झाल्यावर त्यांनी ताईपुढे ताट ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला या चश्म्यातून काळं-तपकिरी कळत नाही हल्ली." ताईनं एकदा ताटाकडे बघितलं, एकदा भावाकडे. बोटांनी नुसतं चाचपून बटण ओळखणारा हा माणूस! तरी ती मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून, टेबलाकडे पाठ करून निवडायला बसली.

तीन वाजले. डॉक्टरांनी हिरव्या अस्तराकडे बघितलं आणि चमकून विचारलं, "बटणं कुठायत?" टेबलावर मोजून पंधरा होती.

"पुरेत," बटणवाले म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. नदीपलीकडचा सगळा माळ काळा झालाय. जमीन हादरतेय. आपली एकूण चार हजार माणसं आहेत, आणि त्यातले तीनशे अजून पुलापलीकडे अडकलेत. "डॉक्टर, दरवाजा तुमच्या हातात. ते तीनशे ओरडतायत. तू काय करतोस, डोंगऱ्या?"

डोंगऱ्या काय करणार? दरवाजा उघडून त्यांना आणायला स्वतः बाहेर पडला. बुरुजावरून बाईंना दिसलं, की राक्षसांची एक फळी वळसा घालून पुलाकडे निघालीय. हातात एकच मशाल. डोंगऱ्याला परत बोलवायचं, की शिंप्याला पूल पाडायची खूण करायची? बाईंनी पेन दातात धरलं. "खूण करते," त्या म्हणाल्या, आणि ते पेन मशालीसारखं उंच धरलं. शिंप्यानं वीज पाडली. आठ वर्षांची वीज! पण पूल कोसळला आणि डोंगऱ्या पलीकडेच राहिला, तेव्हा शिंप्याचा चेहरा असा उतरला की डॉक्टरांनाच त्याची पाठ थोपटावी लागली. कुणी घोरलं नाही. पँट शिवली नाही.

खिडकीशी बटणांचा टपटप आवाज कधीचा थांबला होता.

"नदीकाठ," बटणवाले म्हणाले. "विजेला बिचकून राक्षस थोडे लांब थबकलेत. पण फार वेळ नाही. पलीकडच्या काठावर तीस जखमी, त्यात डोंगऱ्याही; बाकीचे पूल पडण्याआधी आत आले. नाव एकच. एका खेपेला बारा माणसं."

"डोंगऱ्या आधी!" शिंपी म्हणाला. त्याचं मन त्याला खात होतं.

"छे, मी शेवटी. आधी जे ओरडतायत ते," डॉक्टर म्हणाले.

"वयानं लहान असतील ते आधी," बाई म्हणाल्या. तिघं एकदम बोलायला लागले. शिंपी उभाच राहिला. कुणाचं कुणाला ऐकू येईना.

"ओरडतोय ना? म्हणजे श्वास घेतोय. तो थांबेल," खिडकीतून आवाज आला. पाठ अजून टेबलाकडेच होती. "जो गप्प पडलाय, त्याला आधी उचला."

बटणवाल्यांचा फासा हातातच राहिला. आता हा माणूस आयुष्यभर बडबडलेला, पण त्या घटकेला त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायकोनं डोळे वटारले: विचारा की!

"नावेवर कुणी नाहीये, ताई," ते कसंबसं म्हणाले. "तू काय करतेस?"

ताईनं ताट खाली ठेवलं. खुर्ची उचलली, आणली, टेबलाशी ठेवली. "आधी सगळ्यांना गप्प करते," ती म्हणाली. "मग एकेकाजवळ जाऊन बघते."

आणि तिनं खरंच एकेकाला बघितलं. याच्या पायाला पट्टी, त्याला कुशीवर वळव, डोंगऱ्या, तू हातपाय हलवतोयस, मग वल्ही घे. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला सहाच माणसं उरली. बटणवाले एकेक सांगत होते: एक तिरंदाज. एक स्वयंपाकी. "एक म्हातारा शिपाई. खांद्याला जुना पट्टा आहे. दुसऱ्या तुकडीचा." हे त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

ताईनं मान वर केली. म्हाताऱ्या शिपायाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमची कप्तान कशी गेली हो?"

बटणवाल्यांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली. सकाळीच खणातून काढून खिशात टाकली होती, उगाच. लाल बटण अस्तरावर ठेवलं.

"मला नाही माहीत, ताई. मी विचारलंच नव्हतं. चुकलं माझं." चश्मा त्यांनी कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "आता विचारतो. खिंडीचं तोंड आहे. समोरून घोडदळ येतंय. तुझी शंभर माणसं दमलीयत. तू काय करतेस?"

ताई टवक्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "घोड्यावरून उतरते. ज्याला घोड्याची भीती वाटते ना, त्याच्या पायाला लागलंय. त्यालाच घोड्यावर बसवते आणि म्हणते, आता नको घाबरू, हा शहाणा आहे. बाकीच्यांना मागे धाडते. म्हणतील नाही. मी ओरडते, मग जातील. चाळीस जण मात्र हटत नाहीत. मग त्यांना घेऊन खिंडीत उभी राहते."

"फासा देऊ?"

"नको. मी गेले, ते माहीत आहे मला." तिनं भावाकडे बघितलं. "माझी माणसं पोचली का, तेवढं सांग."

बटणवाल्यांना त्या जुन्या लढाईचा कागद पाठ होता. शंभरातले चाळीस गारद. आठ वर्षं त्यांनी तो आकडा एकाच बाजूनं वाचला होता.

"साठ पोचले," ते म्हणाले. "ताई, साठ जण घरी पोचले. घोड्यावरचासुद्धा."

भूगोलाच्या बाई नकाशात तोंड घालून बसल्या. डॉक्टरांनी नाक शिंकरलं. ताईनं मान हलवली, लाल बटण उचलून आपल्या पिशवीत टाकलं आणि डोळे पुसले, तेही घाईघाईनं, कारण राक्षस अजून काठावरच होते.

"चला आजोबा, सावकाश, वाकून बसा," ती म्हाताऱ्या शिपायाला म्हणाली. मग भावाकडे वळली. "हं, पुढचा कोण?"